चार इंच

सोहारात, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत,
सालिम बिन राशिदच्या खानावळीत
सोमवारी हूड लागलं.
खाली मांदीच्या तीन भट्ट्या, दोन तळणीच्या कढया,
वर स्टीलचा ओठ पुढे काढून ते वाट बघत बसलं.
छतावर पंखा आधीच पोचलेला,
कुट्टप्पननं क्रेननं चढवलेला.

मधलं तेवढं माझं.
खालचं तोंड आणि वरचं तोंड,
आणि दोघांत साडेसहा मीटर अंधार.
नकाशात तिथं सरळ रेघ आहे.
नकाशाला कुठं घाम येतो.

वरून ओळंबा सोडला.
खालून तुलबहादूर ओरडला,
उस्ताद, गोळा हुडात पडत नाही.
मोजलं. परत मोजलं.
दोन सूत असते तर बोललोच नसतो,
चार सूतही रेटून बसवले असते,
थोडं हातोडीनं, थोडं गोड बोलून.
हे चार इंच होते.

शिवी दिलीच मी,
भोक पाडणाऱ्याच्या सात पिढ्यांना.
त्याची भाषा माहीत नव्हती
म्हणून मराठीत.

मग कमरेला दोर बांधून शाफ्टात उतरलो,
पत्रा कुठून वळवायचा ते बघायला.
टॉर्च फिरवला, तर स्लॅबच्या कापलेल्या कडेवर
सुतारी पेन्सिलीनं, देवनागरीत:

*सळयांची जाळी लागली. कापली तर स्लॅब जाईल.*
*चार इंच पूर्वेला सरकलो.*
*पुढच्यानं सांभाळून घ्यावं.*
*आंब्रे, काँक्रीट कटिंग.*

खाली तारीख, दोन वर्षांपूर्वीची.
म्हणजे सालिमचे पैसे संपले,
काम बंद पडलं, त्याच्या आदल्या आठवड्यातली.
‘सांभाळून’वरचा अनुस्वार ठसठशीत,
कुणा मास्तरनं पट्टी मारून शिकवल्यासारखा.

दोर मांडीत रुतत होता.
तुलबहादूरनं विचारलं, काय सापडलं?
गाववाला, म्हणालो मी,
आणि तो लगेच गप्प झाला. कुठल्या गावचा
हे त्यानं विचारलं नाही. त्याचंही गाव
असंच कुठंतरी भिंतीत असेल.

रात्री वर्कशॉपात सोळा गेजचा काळा पत्रा आडवा घातला.
एक वळण पूर्वेला, लगेच दुसरं परत सरळ.
उतार हुडाकडे. सांधा अखंड वेल्डिंगचा,
रिव्हेट नाही, स्क्रू नाही,
तेलाला टेकायला जागा मिळाली
की एक दिवस आग त्याला शोधत येते.
वळणापाशी सफाईचं दार ठेवलं,
हात खांद्यापर्यंत जाईल एवढं.
पहाटे गुण्या लावून पाहिला. सूत जमलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी बटण दाबलं.
पंखा फिरला, आवाजही झोकात,
पण जाळीला धरलेला कागद
नुसता मान डोलवत राहिला.
उलटा फिरत होता पठ्ठ्या.
कुट्टप्पन वर जाऊन, तिनातल्या दोन तारा बदलून,
स्वतःलाच मल्याळीत काहीतरी ऐकवत खाली आला.
आता कागद हातातून हिसकला,
टपकन जाळीला चिकटला.

सालिम म्हणाला, धूरच बघायचा तर चांगला बघा,
आणि त्यानं मजमरातल्या निखाऱ्यावर लुबानाचे खडे टाकले.
पांढरी दोरी उठली, हुडात वाकली, दिसेनाशी झाली.
आम्ही सगळे पत्र्याकडे माना वर करून,
जणू आत कुणी जिना चढतंय.
मग छतावरून तुलबहादूर:
आला! वास आला!

रॉकवूल गुंडाळायच्या आधी
वळणाच्या पत्र्यावर मी खडूनं लिहिलं, *सांभाळलं.*
त्यावर लोकर, लोकरीवर फॉइल, फॉइलवर चिकटपट्टी.
स्लॅबची कडही आगरोधक लेपाखाली गेली.
दोन ओळी, वीतभर अंतरावर, आता कुणीच वाचणार नाही.

कुट्टप्पनला विचारलं आंब्रेचं.
कोण? कटिंगवाला? दुकमला गेला असेल,
नाहीतर कॅन्सल होऊन घरी.

शिवी तेवढी मागे घ्यायची राहिली.
तिथंच असेल अजून, शाफ्टात, सळईसारखी.
कधी परत या बाजूला आलास, आंब्रे,
तर तू सरकतोस तसाच
चार इंच सरकून जा.